रुखवतातलं राज्य

"दार लावा! कोणी बाहेर जाऊ नका, माझं राज्य गेलं!"

अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात, भर दुपारी, पाठवणीच्या ऐन वेळेला हे वाक्य सातशे माणसांच्या डोक्यावरून विजेसारखं गेलं. मठ्ठ्याचे ग्लास ओठाशीच थांबले. बँडवाल्यानं फुगवलेला गाल तसाच फुगलेला राहिला, तो पुढं आठ दिवस बसला नाही असं म्हणतात. बायांनी आधी स्वतःच्या गळ्यातलं चाचपलं, मग शेजारणीच्या गळ्यातलं बघून घेतलं. ओरडणारा माणूस चोर नव्हता, दारू प्यालेला नव्हता, वेडाही नव्हता. निदान कागदोपत्री नव्हता. तो नवरीचा बाप होता, अकोल्याच्या दिवाणी कोर्टातला नामांकित वकील होता, आणि माझ्या दुर्दैवानं माझ्या बायकोचा सख्खा मामा होता.

त्या दिवशी मामांचं काय गेलं हे कळायला आधी मामा कळायला हवेत. छातीठोकपणे सांगतो, पूर्णेपासून वर्धा नदीपर्यंतच्या काळ्या मातीत असा दुसरा माणूस उगवला नाही. वऱ्हाडात माणसाला वेड लागतं ते जमिनीचं, राजकारणाचं, नाहीतर भजनी मंडळाचं. आमच्या मामांना जॉर्जिया देशाचं लागलं. काळ्या समुद्राच्या काठाला, बर्फाच्या डोंगरांच्या कुशीत तो देश आहे. आठशे वर्षांपूर्वी तिथं एका राणीनं राज्य केलं, आणि तिच्या दरबारात एक अफाट मोठं काव्य लिहिलं गेलं. तेवढ्यावर आमच्या मामांचं आयुष्य गेलं. तरुणपणी अकोल्यात रशियन पुस्तकांची गाडी आली होती, तिथून ते कायद्याचं म्हणून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून घरी आले. उघडून बघतात तर आत ते काव्य. दुसरा असता तर परत करून आला असता. मामा रात्रभर वाचत बसले आणि सकाळी तारखेला गेले नाहीत. पक्षकार हरला. तो पक्षकार पुढं कित्येक वर्षं जॉर्जियाला शिव्या देत असे, आणि तो देश कुठं आहे हे विदर्भात मामांखालोखाल त्यालाच माहीत होतं.

त्या राणीला तिच्या मुलखात राणी म्हणत नसत, राजा म्हणत. मामांनी हे इतकं मनावर घेतलं की ते तिचं नाव कधीच घेत नसत; "महाराज" म्हणत, आणि तेही आदरार्थी पुल्लिंगी. "महाराजांनी पहिल्या नवऱ्याला देशाबाहेर घालवलं," असं ते सहज बोलून जात आणि नवखा माणूस चहाचा कप बशीत ठेवून दाराकडे बघू लागे. तो पहिला नवरा रशियाकडचा राजपुत्र. घालवून दिल्यावर दोनदा सैन्य घेऊन परत आला, दोन्ही वेळा मार खाऊन गेला. मामांचा त्याच्यावर असा राग की स्वतःच्या जावयावरही कोणाचा नसेल. लग्नाच्या जेवणात रशियन सॅलड दिसलं की ते ताट घेऊन दुसऱ्या रांगेत जात. मी म्हटलं, मामा, पुस्तक तर रशियन गाडीतूनच आणलं ना? तर म्हणाले, "ते त्यांचं प्रायश्चित्त आहे, जावईबापू. आपण स्वीकारलं."

ऑफिसात अशिलाच्या खुर्चीसमोर महाराजांची मोठी तसबीर होती, डोक्यावर मुकुट, मागं सोनेरी वलय. खेड्यातून वाटणीच्या दाव्याला आलेली माणसं आधी तिला हात जोडत, मग वकिलाला. एकानं नारळ आणला, एकीनं ओटी भरली, आणि एक दावा जिंकल्यावर तर कोणीतरी तिथं बोकडाचा नवस बोलून गेलं होतं, तो फेडू नये म्हणून मामांना लेखी विनंती करावी लागली. एकदा लेकीच्या हिश्श्याचा दावा चालू होता. मामांनी भर कोर्टात दाखला दिला की बाराव्या शतकात जॉर्जियाच्या राजानं हयातीतच लेकीला गादीवर बसवलं होतं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, प्रमाणित प्रत आहे का? विरुद्ध बाजूचा वकील त्याहून तयारीचा. त्यानं उठून हरकत घेतली, की आठशे वर्षं झाली, बाब मुदतबाह्य आहे.

मामींचं म्हणणं वेगळंच होतं. त्या म्हणत, "माही सवत आठशे वर्सांची आहे. तिच्यासंगं भांडू तरी कशी?"

पण या प्रेमाचा खरा भार पडला तो मुक्तावर, त्यांच्या एकुलत्या एक लेकीवर. ती बारा वर्षांची झाली त्या दिवशी मामांनी तिला ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर बसवलं, कपाळाला गंध लावलं, आणि कारकून, टायपिस्ट व बाहेर बसलेले तीन अशील यांना ओळीनं मुजरा करायला लावला. हयातीतच राज्याभिषेक. पोरीला पाहिजे होता केक. ती रडायला लागली, अशिलांना वाटलं दावा हरला, तेही रडवेले झाले. तेव्हापासून मामा तिला "युवराज" म्हणू लागले. कॉलेजच्या फाटकात स्कूटर थांबवून शंभर पोरापोरींच्या देखत ओरडत, "युवराज, डबा राहिला!" मुक्तानं कृषीची पदवी घेतली, चांगली नोकरी धरली, पण बापाच्या त्या पुस्तकाला तिनं कधी बोट लावलं नाही. घरात जॉर्जिया हा शब्द निघाला की ती उठून गॅलरीत कपडे वाळत घालायला जाई. कपडे नसले तरी.

मामांना ते दिसत होतं.

काव्य मराठीत आणायचं खूळ आलं ते एका कावळ्यामुळं. महाराजांची समाधी कुठं आहे हे कोणालाच ठाऊक नाही. शत्रूनं विटंबना करू नये म्हणून एकाच वेळी बऱ्याच शवपेट्या वेगवेगळ्या दिशांना पाठवल्या, अशी तिकडची आख्यायिका. हे वाचून मामांचा जीव तळमळला. समाधी नाही, म्हणजे पाणी तरी कोण देणार? तेव्हापासून सर्वपित्री अमावस्येला अकोल्याच्या गच्चीवर आजोबा-पणजोबांच्या शेजारी महाराजांचं पान वाढलं जाऊ लागलं. मी म्हटलं, त्यांचा धर्म वेगळा होता, मामा. "कावळ्याला कुठं माहीत आहे?" पण एका वर्षी कावळा शिवेना. आजोबांचं पान फस्त, पणजोबांचं फस्त, महाराजांच्या पानाकडे ढुंकून बघेना. ऊन हे असलं, आम्ही उपाशी. मामा हात जोडून इच्छा विचारू लागले. राज्याची काळजी आहे का? लेकराबाळांची आहे का? शेवटी अगदी तोंड कडू करून, त्या रशियन नवऱ्याला माफ करू का? कावळा ढिम्म. मग मामा म्हणाले, "महाराज, तुमचा ग्रंथ मराठीत आणतो." आणि कावळा झपकन उतरला. मामी आजही शपथेवर सांगतात की त्याच क्षणी त्यांनी पानावर गरम वडा ठेवला होता. पण वकिलाला शब्द लागू झाला होता.

पुढची नऊ वर्षं मामा बोटांवर अक्षरं मोजत जगले. त्या काव्याची ओळ सोळा अक्षरांची, म्हणून मराठीतही सोळाच, पंधरा नाही की सतरा नाही. उलटतपासणीत साक्षीदार बोलू लागला की मामांची बोटं कोटाच्या खिशात हलत. सिग्नल हिरवा होऊन लाल होई, मागून शिव्या येत, मामांची अकरा झालेली असत. एका मयतीला खांदा देता देता त्यांना अडलेली ओळ सुचली आणि ते चालतानाच "बसली, बसली!" म्हणाले. तिरडीवरचा माणूस उठून बसला की काय म्हणून मागचे चौघे पळाले. सतरावं अक्षर त्यांना भाजीतल्या केसासारखं. मी एकदा सहज म्हटलं, एखादं इकडंतिकडं झालं तर कोण मोजतं? त्यांनी मला महिनाभर जेवायला बोलावलं नाही.

त्या काव्यातला मुख्य वीर हिंदुस्थानचा राजपुत्र आहे. हे खरं आहे, मामांचं नाही. मामांचं एवढंच, की तो हिंदुस्थानचा म्हणजे वऱ्हाडचा. त्याची प्रिया हरवते आणि तो वाघाचं कातडं पांघरून रानोमाळ रडत फिरतो. मामांचा सवाल बिनतोड होता: वाघ कुठं आहेत? मेळघाटात. नवरी पळवायची चाल कुठली? कौंडण्यपूरची. मग? एका रविवारी मला स्कूटरवर मागं घालून ते कौंडण्यपूरला घेऊन गेले आणि वर्धेच्या काठी, जिथं तो वीर रडला असेल तिथं बसून स्वतःच रडू लागले. भोवती माणसं जमली. कोण बुडालं, कधी बुडालं, वय काय होतं? एका माउलीनं घरून चहा आणला. मामांनी डोळे पुसत सांगितलं की राजपुत्र होता, चांगला उमदा होता. सगळी चुकचुकली. मी चहा पिऊन मान खाली घातली. वीर वऱ्हाडचा ठरल्यावर तो पुण्यासारखं बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून मामांच्या ग्रंथात त्याला भेटणारा पहिला माणूस असं विचारतो: "काहून रडतं बावा, नदीच्या काठी बसून?" मोजून बघा. सोळा.

एक ओळ मात्र त्यांना छळ छळ छळत होती. ग्रंथाच्या आरंभी एक म्हातारा राजा एकुलत्या एक लेकीला गादीवर बसवतो, ती. तीन महिने ती ओळ सोळात बसेना. मामांचं वजन उतरलं. मग एका संध्याकाळी फोन आला, "झालं." बसली का, विचारलं, तर म्हणाले, "लिहिली." आणि फोन ठेवला.

मुक्ताचं लग्न ठरलं, हिवरखेडच्या शेतकरी घरात. मुलगा शांत, संत्र्याची बाग, घरात सगळा कारभार मुलाच्या विधवा आत्याचा. आत्याबाईंनी नुसतं खाकरलं तरी ट्रॅक्टर बंद पडतो असा त्यांचा लौकिक. मुक्तानं बापाला एकच अट घातली, की लग्नात जॉर्जिया नको. मंगलाष्टकात नको, पंगतीत नको, व्याह्यांच्या कानावर नको. मामांनी वकिलाचा शब्द दिला.

आणि तरी एक गोष्ट केली. जॉर्जियात म्हणे जुनी रीत होती, लेक सासरी निघाली की तिच्या आंदणात हे काव्य द्यायचं. मामांनी नऊ वर्षांचं काम कोर्टाच्या हिरव्या कागदावर, स्वतःच्या हातानं, एकटाकी लिहून काढलं, लाल कापडात बांधलं, आणि रुखवतात मांडलं. एकच प्रत. मी हजारदा म्हटलं, झेरॉक्स काढा. तर म्हणे महाराजांच्या वेळी झेरॉक्स नव्हती. मामींनी कुरड्यांचा किल्ला केला होता, पापडांचं तळं केलं होतं, त्या किल्ल्याच्या मागं ते लाल बोचकं लपलेलं. तोंडानं काही बोलायचं नाही, लेक सासरी जाऊन सामान सोडेल, तिला सापडेल, कधीतरी उघडेल. एवढाच बेत. मला हे त्यांनी कार्यालयाच्या मोरीत हात धुताना सांगितलं.

पाठवणीच्या वेळी रुखवत गाडीत भरायला घेतलं. किल्ला होता, तळं होतं, बोचकं नव्हतं. तेव्हा मामा ओरडले.

दारं लागली. नवरदेवाचे वडील पुढं आले. गरीब माणूस, पण भरल्या मांडवात असा शब्द कानावर आल्यावर कोण गप्प बसेल? त्यांनी विचारलं, "आमाले चोर म्हनून राहिले का इवाई?" मामा पांढरेफटक पडले. काय गेलं ते सांगा, सगळे म्हणू लागले. आणि सांगता तर येत नव्हतं, कारण शब्द दिलेला. गाडीत बसलेली मुक्ता शालू सावरत उतरून आली. तिनं विचारलं, "बाबा, काय होतं?"

"कागद होते काही," मामा म्हणाले.

"कोणते?"

वकील माणूस, आयुष्यभर दुसऱ्याला प्रश्न विचारले. त्या दिवशी ते वाकून कुरड्यांचा किल्ला सरळ करू लागले. मुक्ताला कळलं. तिच्या चेहऱ्यावरून जे गेलं ते मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर बघू इच्छीत नाही. ती वळली, गाडीत बसली, काच वर घेतली. गाडी गेली.

मामांनी मग शोध शोध शोधलं. आचाऱ्याला फोन, मांडववाल्याला फोन, कार्यालयाच्या मागचा उकिरडा आम्ही दोघांनी काठीनं उपसला. फक्त हिवरखेडला विचारायची सोय नव्हती. तिथं विचारणं म्हणजे दुसऱ्यांदा चोर म्हणणं. मुक्ताचा फोन मामींना येई, पाच मिनिटं, पाऊस कसा आहे एवढाच. मामांनी ऑफिसातली तसबीर उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. अशिलांनी विचारलं, देवी कोपली का? आणि आषाढात एका वाढदिवसाला मी माझ्या या डोळ्यांनी बघितलं, मामांनी रशियन सॅलड वाढून घेतलं. खाल्लं. परत मागितलं. मी बायकोला म्हटलं, मामा आता फार दिवस काढत नाहीत.

श्रावण संपता संपता हिवरखेडहून निरोप आला: घरी पोथी लावली होती, समाप्तीच्या प्रसादाला यावं. मामा नाही म्हणत होते. मामींच्या गुडघ्यांनी प्रवास नाकारला, म्हणून मी मामांना गाडीत घातलं.

ओसरीवर साठेक बाया दाटीवाटीनं बसलेल्या. उदबत्तीचा धूर, मधे चौरंग, चौरंगावर हळदीकुंकवानं माखलेलं लाल कापड सोडून ठेवलेलं, त्यावर हिरवे कागद. आणि समोर मुक्ता, डोक्यावर पदर, वाचत होती. नवरी कशी सापडली, किल्ला कसा घेतला, तो वीर कसा हसला. सबंध ग्रंथात पहिल्यांदा. एक म्हातारी डोळे पुसून म्हणाली, "आता हासला मेला. महिनाभर निस्ता रडून राह्यला होता."

मामा दाराची चौकट धरून उभे होते. मी त्यांना धरून उभा होतो.

मग उलगडलं ते असं. आत्याबाईंनी त्या दिवशी रुखवतात लाल कापडात बांधलेली पोथी बघितली आणि त्यांना सहन झालं नाही. मला त्यांनी तोंडावर सांगितलं, "पापडाच्या बाजूले पोथी ठेवतेत का कोनी? मानसं चपला घालून फिरून राह्यली होती. म्या उचलली." पदराखाली घेतली, गाडीत मांडीवर घेऊन बसल्या, आणि घरी आल्यावर थेट देव्हाऱ्यात. रोज फूल, रोज कुंकू. उघडली नाही, कारण पोथी उघडायची ती श्रावणात. राज्य गेलं म्हणून इवाई ओरडले ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांना वाटलं शेतीचा सात-बारा हरवला असेल. श्रावणाच्या पहिल्या दिवशी बाया बोलावल्या, नव्या सुनेला चौरंगासमोर बसवलं आणि म्हणाल्या, तुह्या माहेरची पोथी हाय, वाच. मुक्तानं गाठ सोडली, तर आत बापाचं अक्षर.

आरतीची तयारी चालली होती. मामा पुढं झाले. मी कोटाची बाही ओढली, कारण त्यांच्या चेहऱ्यावर खरं सांगायची कळा आली होती आणि साठ बाया महिनाभर उपास करून बसल्या होत्या. पण मामा म्हणाले, "आत्याबाई, माफ करा. ही देवाची पोथी नाही. लांबच्या मुलखातली प्रेमाची गोष्ट आहे. मी मराठीत लिहिली."

आता आपल्याला बांधावरून हाकलत हाकलत तेल्हाऱ्यापर्यंत नेतात, असं मी धरून चाललो.

"तुमच्या पोरीनं पयल्याच दिवशी सांगतलं," आत्याबाई म्हणाल्या. "मीच म्हनलं, वाच. बसा. येक इचारायचं हाय मले. वाघाचं कातडं भिजल्यावर तो काय पांघरे?"

तीस वर्षांत त्या ग्रंथाबद्दल मामांना कोणी काही विचारलं होतं ते हे पहिलं. ज्या माणसानं दिवाणी कोर्टात चार चार तास युक्तिवाद केला त्यानं आधी चष्मा पुसला. मग ते चौरंगाजवळ मांडी घालून बसले आणि हळूहळू सांगू लागले. आणखी एकीनं विचारलं, मग दुसरीनं. आरती दीड तास थांबली. प्रसादाचा शिरा गार झाला. मी एकटा भुकेनं मरत होतो.

निघायला ऊन उतरलं. आत्याबाईंनी बोचकं पुन्हा बांधून देव्हाऱ्यात ठेवलं. मामांनी मागितलं नाही, मीही झेरॉक्सचं नाव काढलं नाही. मुक्ता फाटकापर्यंत सोडायला आली. बापलेक गाडीच्या दोन बाजूंना उभे. लग्नातलं ती काढील म्हणून मी आरशात बघायचं टाळत होतो. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, एक एक करत, अगदी मामांसारखा.

"बाबा," ती म्हणाली, "राजा लेकीले गादीवर बसवतो, त्या ओळीत सतरा अक्षरं आहेत."

मी हँडब्रेकवरचा हात काढून घेतला. मामांनी गाडीचं दार उघडलं, आत बसले, चष्मा काढून खिशात ठेवला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "राहू दे."